घोडशिरेला सुरी लावण्याआधी

गेल्या वर्षभरात भारतातल्या तीन धावणाऱ्या मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला. टाचेमागची शीर सहा-आठ महिने दुखतेय, ऑपरेशन करून टाका म्हणतात, करू का? आता माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं खरं, पण ती पदवी धातूंना येणाऱ्या थकव्यावरची आहे, माणसांच्या नव्हे, हे तिघांनाही पक्कं माहीत आहे. तरी विचारतात, कारण मी स्वीडनमध्ये राहतो आणि या दुखण्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज याच देशातून जगभर गेला. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बारा आठवडे नेटाने व्यायाम करून घेतल्याशिवाय जो कुणी तुमच्या या शिरेला सुरी लावायला निघतो, तो घाई करतोय. (शीर अचानक तुटली असेल तर गोष्ट वेगळी. फट्कन आवाज येऊन पाय टेकवेना झाला, तर ब्लॉग वाचत बसू नका, हॉस्पिटल गाठा.)

या शिरेला डॉक्टर लोक अ‍ॅकिलिस टेंडन म्हणतात, जुन्या मराठीत घोडशीर. ती दुखायला लागली की आपल्याकडे गाडी ठरलेल्या स्टेशनांवरून जाते. आधी तीन आठवडे सक्तीचा आराम आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या. बरं वाटतं. धावायला गेलं की पुन्हा दुखतं. मग इंजेक्शन. मग एमआरआय, आणि त्या रिपोर्टात 'डिजनरेशन' असा एक भयंकर शब्द. तो वाचून पेशंट निम्मा गार होतो आणि ऑपरेशनला तयार होतो. प्रत्येक स्टेशनवर पावती फाटते ती वेगळीच.

गंमत म्हणजे पहिल्याच स्टेशनवर रूळ चुकलेला असतो. जुनाट दुखण्यातल्या शिरेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नेहमीच्या अर्थाची सूज फारशी दिसतच नाही. दिसतात ते विस्कटलेले तंतू. म्हणूनच 1990च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांनी 'टेंडनायटिस' हे नाव सोडा, असा आग्रह धरला. नाव सुटलं, गोळ्या मात्र सुटल्या नाहीत.

आणि आराम? पोलादी दोर झिजला तर भार कमी करा, हा आमच्या धंद्यातला नियम अगदी बरोबर आहे. पण घोडशीर म्हणजे पोलाद नव्हे. तिच्यात जिवंत पेशी असतात. भार पडला की त्या नवं कोलॅजन बनवायला लागतात, भार काढून घेतला की शीर आणखी कमकुवत होते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ओढ येते. सोफ्यावर पडून ती सोसायची ताकद कुठून येणार?

हे सगळ्यात ठळकपणे दाखवलं ते उत्तर स्वीडनमधल्या ऊमेओ गावच्या होकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यचिकित्सकाने. त्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. स्वतः धावणारा, शीर दुखायची, पण वरिष्ठ ऑपरेशन करेनात. तेव्हा पठ्ठ्याने ठरवलं, शीर इतकी ताणू की ती तुटेलच, मग कसं करत नाहीत बघू! शीर तुटली नाहीच, उलट दुखणं गेलं. 1998 साली त्याने 15 हौशी धावपटूंवरचा अभ्यास छापला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर सावकाश टाच पायरीखाली उतरवायची. 15 वेळा, असे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, म्हणजे रोज 180 वेळा. बारा आठवडे, रविवारसुद्धा. थोडं दुखलं तरी चालू ठेवायचं; दुखेनासं झालं की पाठीवर सॅक अडकवून वजन वाढवायचं. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पहिल्यासारखे धावू लागले.

पंधरा माणसं म्हणजे काही फार नव्हेत, आणि नंतरच्या अभ्यासांत यश असं शंभर टक्के दिसलंही नाही. शिवाय 2015 साली डेन्मार्कमध्ये दिसलं की आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश व्यायाम केला तरी फळ जवळजवळ तेच. म्हणजे 180 या आकड्यात जादू नाही; भार नियमित द्यायचा आणि हळूहळू वाढवायचा, हे खरं. इथल्या गोथेनबर्गमध्ये (हे लोक 'योतेबोरी' म्हणतात) 2007 साली आणखी पुढचं पाऊल टाकलं गेलं. दुखणं दहापैकी पाचाच्या वर न जाऊ देता काही जणांना व्यायामाबरोबर पळू-उड्या मारू दिलं. थांबवून ठेवलेल्यांपेक्षा त्यांचं काही बिघडलं नाही.

आता महागड्या पर्यायाकडे बघू. स्वतःचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटवाला भाग टोचायचा, त्याला पीआरपी म्हणतात. नेदरलँड्समध्ये 2010 साली 54 जणांवर तो मिठाच्या पाण्याशी ताडून पाहिला: फरक नाही. ब्रिटनमध्ये 2021 साली 240 जणांवर, खोट्या इंजेक्शनशी ताडून: पुन्हा फरक नाही. तरी तो विकला जातो, कारण पायरी कुणाला विकता येत नाही!

पेशंटही काही कमी नाहीत. चार दिवस केलं, फरक नाही, सोडलं. बारा आठवडे म्हटलं की आपला चेहरा पडतो. ऑपरेशननंतर महिनोन् महिने घरी बसायला मात्र तयार. सगळे प्रयत्न करूनही सहा महिन्यांत हललं नाही, तर शल्यचिकित्सकाशी जरूर बोला, काही जणांना ऑपरेशनचा उपयोग होतो. आणि दुखणं शिरेच्या मध्यावर नसून अगदी हाडाला चिकटते तिथे असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. कुठे दुखतंय ते फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. तेवढी फी द्यायला माझी हरकत नाही.

जाता जाता एक. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या अँटिबायोटिक्सनी ही शीर दुखावते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध खात्याने 2008 साली त्या पाकिटांवर चौकटीतली ताकीद टाकायला लावली. आपल्याकडे पोट बिघडलं की लोक ही गोळी कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणतात. शीर दुखायला लागण्याआधीच्या आठवड्यांत अशी काही गोळी घेतली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.