खोक्यावर सहाशे, हातात शंभरही नाहीत

राउटर हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत वाय-फायची रेंज नाही, मधे आरसीसीची किंवा जुन्या वाड्याची दगडी भिंत. अशा घरांसाठी पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टरची जोडी मिळते. एक राउटरजवळच्या सॉकेटात लावायचा, दुसरा आतल्या खोलीत; इंटरनेट घरातल्या विजेच्या वायरींतूनच पुढे जातं. भिंत फोडायला नको, म्हणून कल्पना चांगलीच आहे. पण खोक्यावर ६०० एमबीपीएस छापलेलं असतं आणि स्पीड टेस्टमध्ये पन्नास-साठ दिसतात, कधी तेवढेही नाहीत. मग शिव्या खायला इंटरनेट कंपनी, नाहीतर वायरमन. खरं तर पहिला जाब खोक्यावरच्या त्या आकड्यालाच विचारायला हवा.

हे ६०० म्हणजे आदर्श स्थितीत वायरीवरून सेकंदाला किती कच्चे बिट ढकलता येतील याचा कागदी हिशेब. त्यातले बरेचसे चुका दुरुस्त करण्यात आणि पोच देण्यात खर्ची पडतात. शिवाय एका वेळी एकच अ‍ॅडॅप्टर बोलू शकतो, त्यामुळे जाणं-येणं दोन्ही त्यातच भागवायचं; तिसरा अ‍ॅडॅप्टर लावला की आणखी एक वाटेकरी. सगळ्यात बोलका पुरावा मात्र यंत्राच्या अंगावरच असतो. ६०० म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक अ‍ॅडॅप्टरचं लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं. त्यातून फाइल उतरवताना फार तर ९४च्या आसपास वेग मिळतो. वायरिंग कालच केलेलं असो, दोन्ही सॉकेट शेजारी-शेजारी असोत, ६०० त्या यंत्रातून बाहेर पडूच शकत नाही. यात वायरमन काय करणार?

वायरिंगचा वाटा नाही असं नव्हे. ५० हर्ट्झच्या विजेसाठी टाकलेल्या वायरीवरून ही यंत्रं मेगाहर्ट्झमध्ये मोजले जाणारे सिग्नल पाठवतात. मिक्सर सुरू झाला की मोटरच्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट त्याच वायरीत उतरतो. ज्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट जास्त, तिथे अ‍ॅडॅप्टर कमी बिट पाठवतो. चटणी वाटून होईपर्यंत वेग पडलेला. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर हेच काम दिवसभर हळू आवाजात करत असतात. स्पाइक गार्डमधला फिल्टर तर असले सिग्नल गाळण्यासाठीच असतो, त्याला इंटरनेटही कचराच वाटतं. अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावला तर हा तोटा फुकटात टळतो. नव्या पिढीचे अ‍ॅडॅप्टर अर्थिंगच्या तिसऱ्या वायरीचाही उपयोग करतात, पण जुन्या घरांत सॉकेटाला अर्थिंगचं भोक असतं, मागे वायर असेलच असं नाही. बंगल्यात थ्री फेज कनेक्शन असेल आणि दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील, तर सिग्नल आणखी क्षीण होतो.

कंपन्या नेमकं यावरच बोट ठेवतात: घरागणिक वायरिंग वेगळं, म्हणून आम्ही ‘पर्यंत’ लिहितो आणि खाली तारांकित टीप देतो. रस्तेही गावागणिक वेगळे असतात, तरी गाडीच्या मायलेजचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ठरावीक चाचणीतून काढला जातो. प्रत्यक्षात मायलेज कमी मिळतं, पण दोन गाड्यांची तुलना तरी करता येते. इथेही ठरावीक लांबीची वायर, ठरावीक गोंगाट आणि प्रत्यक्ष पोहोचलेली फाइल एवढ्यावर आकडा काढता येईल; पोर्टचा वेग खोक्याच्या दर्शनी बाजूला छापायला तर चाचणीही नको. कायद्याचा आधारही आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टिपेने मुख्य दाव्याला छेद देता कामा नये.

पण घरात ६०० लागतात कुणाला, असंही विचारलं जाईल. व्हिडिओ कॉल चार-पाच एमबीपीएसमध्ये होतो आणि दगडी भिंतीपलीकडच्या मरतुकड्या वाय-फायपेक्षा पॉवरलाइनचे चाळीस केव्हाही बरे. मान्य, आणि म्हणूनच ते चाळीस लपवायचं कारण नाही. लपवल्यामुळे माणूस आधी ६००ऐवजी १२००चं महाग खोकं आणतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही की वेग इंटरनेट कंपनीकडूनच कमी येतोय असं समजून दरमहा जास्त पैशांचा प्लॅन घेतो. वाय-फाय राउटरवरही दोन बँडची बेरीज करून असेच आकडे छापतात, मग फक्त पॉवरलाइनलाच का धरता, हा आक्षेप रास्त आहे. राउटरलाही हाच नियम लावावा.