चारा पचतो किती?

उन्हाळा आला की चाराटंचाईच्या बातम्या येतात आणि चर्चा टनांपाशी थांबते. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे. चारापिकांच्या वाट्याला मात्र पेरणीखालील क्षेत्राच्या जेमतेम ४-५ टक्के जमीन येते. तुटवडा खराच आहे. पण गव्हाणीत पडलेला चारा जनावराला पचतो किती, हा प्रश्न मागेच राहतो.

गवत जून झाले की पेशींच्या भिंतींत लिग्निन साठते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू तंतूंचे पचन करतात. लिग्निन त्यांची वाट अडवते. म्हणूनच उशिरा कापून वाळवलेल्या गवताने पोट भरते, पण दूध वाढत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास कापणी करणे हा एक उपाय, अधिक पचणारा वाण हा दुसरा.

दुसऱ्या उपायाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले आहे. टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी बर्म्युडा गवतावर, म्हणजे आपल्या हरळीवर, अनेक दशके काम केले. १९४३चा ‘कोस्टल’ वाण भरघोस उत्पादनासाठी गाजला. पुढच्या वाणांत त्यांनी पचनीयतेवर भर दिला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ‘टिफ्टन ८५’ या संकरित वाणाने चाचण्यांत ‘कोस्टल’पेक्षा २६ टक्के जास्त सुका चारा दिला आणि तो ११ टक्के अधिक पचनीय ठरला. विशेष म्हणजे त्यात तंतू कमी नव्हते. लिग्निनशी जखडणारे घट्ट रासायनिक बंध कमी होते.

पण २०१२मध्ये टेक्सासमध्ये याच गवतावर चरताना एका कळपातील गुरे सायनाइडच्या विषबाधेने दगावली. ‘जनुकीय बदल केलेले गवत’ अशा बातम्या पसरल्या. प्रत्यक्षात तो साधा संकर होता. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीचा हाच धोका आपले शेतकरी ओळखतात. नीट वाळवल्यावर हे विष बरेच कमी होते.

आपल्याकडे संकरित नेपिअरचे ठोंब लावताना हेक्टरी किती टन, हेच आधी विचारले जाते. त्यातील ऑक्झलेट जनावराला मिळणारे कॅल्शियम अडवते, हे फारसे सांगितले जात नाही. वाणाच्या शिफारशीत उत्पादनाबरोबर पचनीयता, प्रथिने आणि अशा घातक घटकांचे प्रमाणही ठळकपणे यायला हवे. थोड्या जमिनीवर जास्त जनावरे पोसणाऱ्या देशाला ही माहिती अधिक गरजेची आहे.