विश्लेषण : कंपनीतील १२ आठवडे… शिकण्याचे की राबण्याचे?

चौथ्या सत्राची परीक्षा संपली की भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी येथील कंपन्यांच्या गेटवर तंत्रनिकेतनाचे पत्र घेतलेली मुले-मुली दिसू लागतात. कुणाला मशीन शॉपमध्ये जागा मिळते, कुणाला स्टोअरमध्ये, तर कुणाला नुसते शिक्का मारलेले प्रमाणपत्र. गुणपत्रिकेवर या सगळ्यांची इंटर्नशिप सारखीच दिसते. मात्र विद्यार्थी कंपनीत कोणत्या नात्याने जातो आणि त्याला काय शिकवायचे हे कुणी लिहून ठेवले आहे का, यावर त्या आठवड्यांचे मोल ठरते.

इंटर्नशिप सक्तीची का झाली?

पदवीधर आहेत, पण कामाची माहिती नाही, ही उद्योगांची जुनी तक्रार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्यक्ष अनुभवावर भर दिला. त्याआधीच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) इंटर्नशिपचे धोरण आखून तिला श्रेयांकांशी जोडले होते. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या जुन्या ‘आय स्कीम’मध्ये पदविकेच्या विद्यार्थ्यांना सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. २०२३-२४ पासून लागू झालेल्या ‘के स्कीम’मध्ये ते १२ आठवड्यांवर गेले. म्हणजे कंपनीत घालवलेल्या दिवसांना आता गुण आहेत आणि ते टाळता येत नाहीत.

कंपनीत असे काय मिळते, जे वर्गात मिळत नाही?

एक साधे उदाहरण पाहू. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर आणि टॉलरन्स अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर आहे. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये विद्यार्थी असा एक जॉब करतो, मोजतो आणि गुण मिळवतो. कंपनीत तेच मशीन दिवसभर चालते. सकाळचा पहिला जॉब बरोबर येतो, पण दुपारनंतर टूलची धार झिजते आणि व्यास हळूहळू वाढू लागतो. मायक्रोमीटरवरचा आकडा मर्यादेकडे सरकताना ओळखणे, वेळीच ऑफसेट देणे, किती नगांमागे एक तपासायचा हे ठरवणे आणि रिजेक्ट झालेला माल का रिजेक्ट झाला हे शोधणे, ही खरी अभियांत्रिकी. पुस्तकात टूल वेअरवर एक प्रकरण असते. कंपनीत त्याच टूल वेअरमुळे ग्राहकाकडून माल परत येतो.

मग तक्रार कशाची आहे?

हाच विद्यार्थी १२ आठवडे फक्त जॉबची बर काढत, नग मोजत किंवा पॅकिंग करत राहिला, तर तो काय शिकला? ही कामे कमी दर्जाची नाहीत. प्रत्येकाने ती दोन-चार दिवस करायलाच हवीत. प्रश्न त्यापुढच्या दिवसांचा आहे. काही ठिकाणी इंटर्न म्हणजे गैरहजर कामगाराची जागा भरणारा बिनपगारी हात असतो. काही ठिकाणी उलटे घडते. ‘कशाला हात लावू नकोस’ असे सांगून त्याला कोपऱ्यात बसवले जाते. पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्यांचा धंदा याच पोकळीत चालतो.

खर्चाचाही प्रश्न आहे. बीड किंवा यवतमाळच्या विद्यार्थ्याला चाकणमध्ये तीन महिने राहायचे तर खोलीभाडे, मेस आणि प्रवास यांचा भार घरावर पडतो. विद्यावेतन नसेल तर चांगली कंपनी मिळूनही तो गावाजवळच्या वर्कशॉपचे पत्र आणतो. गुणवत्ता असूनही संधी हुकते ती अशी.

इंटर्न आणि शिकाऊ उमेदवार यांत फरक काय?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. शिकाऊ उमेदवार, म्हणजेच अप्रेंटिस, हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो. त्याचा कंपनीशी करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदविकाधारकासाठी महिना ८,००० आणि पदवीधरासाठी ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरवले. किमान विद्यावेतनाची ५,००० ते ९,००० रुपयांची श्रेणी ६,८०० ते १२,३०० रुपये करावी, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने मे २०२५ मध्ये केली.

कायदा त्याला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. म्हणूनच त्याला नगावर मोबदला देता येत नाही आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. शिकायला आलेल्याला उत्पादनाच्या आकड्यांना जुंपू नये, हा त्यामागचा विचार.

महाविद्यालयाचे पत्र घेऊन जाणारा इंटर्न या कायद्याच्या बाहेर राहतो. त्याला किमान विद्यावेतन देण्याचे बंधन कंपनीवर नाही. त्याचे संरक्षण उरते ते महाविद्यालय आणि कंपनी यांच्यातील सामंजस्य करारापुरते, आणि अनेकदा तो करार म्हणजे दोन ओळींचे पत्र असते.

सरकारी योजनांचा लाभ घेता येईल का?

शिकत असताना, बहुतांशी नाही. राज्याच्या ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजने’त २०२४ मध्ये आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरले, पण उमेदवाराचे शिक्षण सुरू नसावे अशी अट होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पथदर्शी स्वरूपात सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री इंटर्नशिप योजने’त महिना ५,००० आणि एकदाच ६,००० रुपये होते, तीही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. ज्याला अभ्यासक्रमानेच कंपनीत पाठवले, तो विद्यार्थी दोन्हींतून सुटला.

अपघात झाला तर?

हा सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. पॉवर प्रेसवर बोटे गमावण्याचे अपघात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगाला नवे नाहीत. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवाराला प्रशिक्षणादरम्यान इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. इंटर्नच्या बाबतीत मात्र ‘तो आमचा माणूस नाही’ असे म्हणण्याची वाट मोकळी राहते. म्हणून विमा कुणाचा, सेफ्टी शूज आणि गॉगल कोण देणार, कोणत्या मशीनला विद्यार्थ्याने एकट्याने हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेले हवे.

कंपन्यांची काही बाजू आहे की नाही?

नक्कीच आहे. २०-२५ माणसांच्या कारखान्यात सुपरवायझरवर रोजच्या डिस्पॅचचा ताण असतो. मशीन थांबवून शिकवणे परवडत नाही आणि विद्यार्थ्याच्या हातून बिघडलेल्या मालाचा खर्च मालकालाच बसतो. महाविद्यालयातही एका शिक्षकाकडे अनेक विद्यार्थी आणि दूरदूरच्या कंपन्या असतात. त्यामुळे भेट राहून जाते आणि रोजची डायरी शेवटच्या आठवड्यात एकदम लिहिली जाते.

उपाय काय?

फार मोठा खर्च लागत नाही. एका पानाचा करार पुरे. त्यात पाच गोष्टी हव्यात: आठवड्यागणिक कोणत्या विभागात काय शिकायचे, कंपनीतील मार्गदर्शकाचे नाव, कामाच्या वेळा, विमा व सुरक्षासाधने, आणि विद्यावेतन किंवा निदान जेवण-प्रवासाची सोय. विद्यार्थ्यानेही रुजू होण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारावेत. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. लहान कारखान्यांना शिकवण्याचा भार परवडावा म्हणून सरकारने योजनांचे दार शिकत्या विद्यार्थ्यांसाठीही उघडायला हवे.

शासनाने आठवडे सहाचे १२ केले. मात्र शिकवणारा कुणी नसेल, तर दुप्पट आठवडे म्हणजे दुप्पट फुकटची मजुरी. इंटर्नशिप सक्तीची करताना विद्यार्थ्यावर जेवढे बंधन घातले, तेवढे महाविद्यालयावर आणि कंपनीवरही घालणे हा साधा न्याय आहे.