वादळ गेले, सातबारा आडवा आला

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ पालघरच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. विजेचे खांब आडवे झाले, पत्रे उडाले. १९६९ पासून तारापूरची वीज देशाला पुरवणाऱ्या या जिल्ह्यातच गावे अंधारात गेली!

वादळ जात पाहत नाही, असे म्हणतात. वादळ पाहत नसेल. मदतीचा कागद मात्र मालकी पाहतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. पण ज्या आदिवासीच्या हाती अजून वनपट्टाच पडला नाही, त्याने सातबारा आणायचा कोठून? आणि बोईसरच्या चाळीत भाड्याने राहणारा कंत्राटी कामगार? छप्पर मालकाचे, भिजलेला संसार त्याचा. आमचे शासनाला सांगणे आहे : कसणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या नावाने पंचनामा करा, मालकी नंतर तपासा.