घर सांभाळून करायची नोकरी?

लग्नाच्या बायोडेटात 'मुलगी नगरपरिषदेत नोकरीला' असं लिहिलेलं असलं की मुलाकडच्यांचा सूर लगेच मऊ होतो. ऑफिस गावातच, दिवेलागणीच्या आत घरी, सणावाराला सुट्टी आणि वर पुन्हा सरकारी! थोडक्यात, 'घर सांभाळून' करता येण्याजोगी नोकरी. हे शब्द मी कित्येक वर्षं ऐकतेय आणि दर वेळी मला त्यांचा राग येतो. त्यात नोकरीचाही अपमान आहे आणि मुलीचाही.

मी स्वतः नोकरी केलेली नाही. बी. ए. झाले, लग्न झालं, मुलं जरा मोठी झाल्यावर बचतगटांच्या कामात पडले. पण कुणाचा जन्मदाखला, कुणाची घरपट्टी, कुणाच्या गल्लीतला कोरडा नळ, असं करत करत नगरपरिषदेच्या पायऱ्या मात्र भरपूर झिजवल्या. तेव्हा हे लिहितेय ते खिडकीच्या अलीकडे उभं राहून.

निमित्त माझ्या भाचीचं. पुण्यात खासगी कंपनीत आहे. परीक्षा देऊन नगरपरिषदेत लिपिक म्हणून निवड झाली आणि फोन आला, "मावशी, घेऊ का गं?" तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, हिशोब तयारच होता. महागाई भत्ता, पगारी रजा, बाळंतपणाची सहा महिन्यांची सुट्टी. ते खोटं नाही. कायद्याने २०१७ पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी ठिकाणीही पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण तिथे ती मागताना जीभ अडखळते. 'परत येणार ना नक्की?' हा प्रश्न ऐकलेल्या किती तरी जणी माझ्या ओळखीत आहेत. पालिकेत रजेचा अर्ज द्यायचा, झालं. ही निश्चिंती लहानसहान नव्हे.

"शिवाय पेन्शन आहे ना, ताई," असं बहीण म्हणाली, तेव्हा मात्र तिला थांबवावं लागलं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून कपात होते आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी, जिल्हा परिषदांचे, पालिकांचे कर्मचारी आठवडाभर संपावर होते, ते ह्याचसाठी. आईबापांच्या डोक्यातली सरकारी नोकरी ही बऱ्याचदा त्यांच्या वेळची असते!

पण माझ्या मते ही नोकरी घ्यावी, ती ह्यातल्या कशासाठीच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल घ्या. बाळ झालं की २१ दिवसांत नोंद व्हायला हवी, एवढं साधं काम. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेत जाताना, पुढे लायसन्स काढताना, मतदार होताना जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे. आणि आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. सरकारने नियम केला खरा, पण बाळाचे आजोबा "आईचं कशाला मध्येच?" म्हणून खिडकीशी अडून बसतात, तेव्हा त्यांना नीट समजावून तो रकाना भरून घेणारी कारकून बाईच असते. मी हे डोळ्यांनी बघितलंय. तिच्या एका नोंदीवर एखाद्या पोरीची पुढची सगळी कागदपत्रं उभी राहणार असतात. पुण्याच्या त्या कंपनीत पगार चार पैसे जास्त असेल, पण असं काम तिथे कुठून मिळणार?

आता दुसरी बाजू. गावातली नोकरी म्हणजे गाव घरात येणं. भाजी घेताना, हळदीकुंकवात, दवाखान्यात बसलेलं असतानासुद्धा, "अहो, आमच्या पाणीपट्टीचं बघा की!" चूक पाइपलाइनची, शिव्या खिडकीतल्या बाईला. मार्च आला की वसुलीसाठी दारोदार फिरायचं, तेही ज्यांच्या घरी आपण परवाच बारशाला जेवून आलो त्यांच्या! निवडणूक लागली की तिचं काम वेगळं. नगरसेवकाचा फोन एक सांगतो, मुख्याधिकारी साहेब दुसरंच, आणि कागदावर सही हिची. २०२२ पासून काही वर्षं मुंबईसकट कितीतरी महापालिका, नगरपरिषदांत निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासकच होते. तेव्हा लोकांना भांडायला समोर फक्त कर्मचारीच उरले. आणि लहान गावांत अनुदान आलं नाही तर पगारही लांबतो, हे बायोडेटात कुणी लिहीत नाही.

म्हणून भाचीला म्हटलं, घे, पण संध्याकाळी लवकर घरी येऊन पोळ्या लाटता येतील म्हणून घेऊ नकोस. पोळ्या दुसरं कुणीही लाटू शकतं. तिची आई रुसली आहे सध्या!

मात्र एक गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा विचारली, नेमणूक कायम आहे ना? कारण आज एकाच छपराखाली दोन पालिका आहेत. सफाईच्या कामात कायम असलेल्या बाईच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे नोकरी मिळते. तिच्याच शेजारी, तोच रस्ता, तोच झाडू, पण ठेकेदाराकडून आलेली बाई असेल तर तिला आजारपणाची रजासुद्धा नाही. एक दिवस खाडा, एका दिवसाचा पगार गेला. पालिका म्हणते, ती आमची कर्मचारी नाही. ठेकेदार दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, बाई तीच राहते, आणि तिची नोकरी दर वेळी पहिल्या दिवसापासून सुरू होते. पालिकेच्या नोकरीचे फायदे-तोटे मोजताना आपण ह्या बायकांना धरतच नाही. पहाटे पाचला रस्त्यावर असणारीला कुणी 'घर सांभाळून करता येणारी नोकरी' असं म्हणून बघावं.

आमच्या गटात अशा काही जणी आहेत. पगारातून पीएफ कापला जातो, पण तो भरला जातो का, हे त्यांना कुणी सांगत नाही. तेवढंच विचारणारा अर्ज आम्ही ह्या आठवड्यात दिला. आवक विभागातल्या मुलीने शिक्का मारून पोच दिली आणि हळूच म्हणाली, "काकू, उत्तर आलं तर मलापण सांगा." तीही ठेकेदाराकडूनच आलेली आहे.