एड्स : औषध हाती आले, पुढे काय?

विद्यार्थी मित्रहो, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने एड्ससारख्या विषयावर का लिहावे, असे तुम्हांला वाटेल. त्याची दोन कारणे आहेत. एक पदार्थविज्ञानातलेच आहे, ते पुढे सांगेन. दुसरे एका चहाच्या कपाचे आहे, ते आधी सांगतो.

१९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि आमच्या उरणचे रूप पालटले. मिठागरे आणि भातखाचरांच्या गावात ट्रेलरच्या रांगा लागू लागल्या. देशोदेशीचे नव्हे, पण राज्याराज्यांतले ड्रायव्हर येऊन राहू लागले. आमच्या आळीतही एक ड्रायव्हरकाका खोली घेऊन राहत. घाटावरून येताना ते आम्हा मुलांसाठी न चुकता चिक्की आणत. १९९६ साली, मी दहावीत असताना, त्यांना ‘तो’ रोग झाल्याची कुजबुज आळीत पसरली. त्यानंतर एकदा ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना कान तुटलेल्या कपात चहा दिला गेला. ते उठल्यावर तो कप मी दोन बोटांत धरून खाडीत फेकून दिला. वळून पाहतो तो काका अजून रस्त्यावरच उभे होते. त्यांनी ते पाहिले होते.

आमच्या शाळेच्या भिंतीवर तेव्हा एड्सचे एक चित्र होते. एक कवटी, खाली दोन आडवी हाडे. कपातून हा रोग पसरत नाही, हे त्या चित्रावर कुठेही लिहिले नव्हते. कवटीने मला भीती शिकवली, विज्ञान शिकवले नाही. माझ्या मते आपण आजही बरेचसे तेच करीत आहोत, आणि आता तर त्याला काही निमित्तही उरलेले नाही.

का उरलेले नाही, ते पाहू. एच.आय.व्ही. हा विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही. तो आपल्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींत शिरतो, आपला आर.एन.ए.तील मजकूर डी.एन.ए.च्या लिपीत उतरवतो आणि तो पेशीच्या मूळ मजकुरात घुसडतो. मग ती पेशी विषाणूंचा कारखाना बनते. आजची बरीच औषधे या नक्कल करण्याच्या कामातच खोडा घालतात. टेनोफोव्हिर हे औषध म्हणजे जणू एक खोटी वीट. विषाणूचा गवंडी ती खरी समजून भिंतीत बसवतो आणि तिच्यावर पुढची वीट बसतच नाही. अशी दोन-तीन औषधे एकत्र दिली, तर विषाणूला पळवाट सापडत नाही. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जिथे लाखभर विषाणू असू शकतात, तिथे काही महिन्यांत ते नेहमीच्या चाचणीला सापडेनासे होतात. ते मुळासकट नष्ट होत नाहीत, म्हणून औषध जन्मभर घ्यावे लागते. पण माणूस आपले आयुष्य सुखाने जगू शकतो.

आता पदार्थविज्ञानाचे कारण. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमधून, हवा स्वच्छ असेल तर, ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. भट्टीत एक न्यूट्रॉन अणुकेंद्रक फोडतो, त्यातून नवे न्यूट्रॉन निघतात, ते आणखी केंद्रके फोडतात. ही शृंखला-अभिक्रिया. एका न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत सरासरी किती न्यूट्रॉन कामी येतात, या आकड्यावर सारे अवलंबून असते. तो २ असेल तर दहा पिढ्यांत एकाचे १०२४ होतात. तो अर्धा असेल तर दहा पिढ्यांत हजाराचा जेमतेम एक उरतो. साथीचेही गणित हेच आहे. रोग थांबवायला शेवटचा विषाणू मारावा लागत नाही. एका रुग्णापासून होणाऱ्या नव्या संसर्गांची सरासरी एकाच्या खाली आणून तिथे टिकवावी लागते. भट्टीत हे काम न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या करतात. मग औषधाची गोळी अशी कांडी होऊ शकेल काय?

या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. नऊ देशांत झालेल्या ‘एच.पी.टी.एन. ०५२’ या प्रयोगाचे ती एक केंद्र होती. १७६३ जोडपी घेतली. प्रत्येकात एकाला संसर्ग होता, दुसऱ्याला नव्हता. सल्ला आणि निरोध सर्वांनाच दिले. एका गटातील रुग्णांना औषध लगेच सुरू केले. दुसऱ्या गटात, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, प्रतिकारशक्ती उतरल्यावर सुरू केले. २०११ साली निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडूनच आल्याचे सिद्ध झालेले संसर्ग २८ होते. त्यांतले २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात, आणि लगेच औषध मिळालेल्या गटात फक्त १. दोन्ही गट जवळजवळ सारखे होते, म्हणून २७ पैकी २६ टळले असे धरा. भागाकार करा : ९६ टक्के! पुढे युरोपात झालेल्या पाहणीत तर, ज्यांच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला होता त्यांच्याकडून जोडीदाराला झालेला संसर्ग शून्य भरला. म्हणजे रुग्णाला दिलेले औषध हेच दुसऱ्याचे संरक्षण ठरते.

दुसरा मार्ग निरोगी माणसाने आधीच औषध घेण्याचा. २०१० पासूनच्या प्रयोगांत रोजच्या गोळीने धोका बराच घटला, पण आफ्रिकेतील स्त्रियांवरील दोन प्रयोगांत ती जवळजवळ निरुपयोगी ठरली. असे का व्हावे? रक्त तपासले तेव्हा कळले, बहुतेकींच्या रक्तात औषधच नव्हते. गोळ्यांची डबी घरात सापडली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती हे त्यातले एक कारण होते. पाहा, गोळी विषाणूपुढे हरली नाही, ती लोकांच्या जिभेपुढे हरली.

यावर उपाय म्हणून लेनाकापाविर हे औषध आले. ते विषाणूच्या प्रथिनांच्या कवचावर काम करते. पाण्यात ते फारच कमी विरघळते, त्यामुळे त्वचेखाली टोचले की तिथे साठून राहते आणि हळूहळू पाझरते. वर्षातून दोन इंजेक्शने पुरतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथे २१३४ तरुणींना ते दिले. २०२४ साली निकाल आला : त्यांच्यात नवा संसर्ग एकही नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. अर्थात, ही लस नव्हे. ते देण्याआधी आणि देत असताना रक्ताची तपासणी करावी लागते, आणि इतर गुप्तरोगांपासून त्याने संरक्षण मिळत नाही. तिथे निरोधच हवा.

कोणी म्हणेल, भीती गेली तर लोक बेफिकीर होतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण भीतीने काय साधले याचा हिशेब मांडा. भ्यालेला माणूस तपासणीला जात नाही. न तपासलेल्याला औषध मिळत नाही. औषध नसलेल्याकडून संसर्ग होतो. आपल्या शृंखलेचा आकडा भीती वाढवते, कमी करीत नाही.

आणि विलंबाचाही हिशेब मांडायला हवा. मी कप फेकला त्याच १९९६ साली तीन औषधांचा एकत्रित उपचार जगासमोर आला होता. पण त्याचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या रीतीला पेटंट मिळे. त्याच्या आधारे मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये हाच उपचार एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पण भारत सरकारची मोफत औषधयोजना सुरू झाली १ एप्रिल २००४ रोजी. मुंबईचे जे. जे. रुग्णालय तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. ड्रायव्हरकाका २००२ साली आपल्या गावी वारले. औषध समुद्रापलीकडे, लाँचच्या एका फेरीच्या अंतरावर बनत होते.

म्हणून मला वाटते, या वेळी तरी हा विलंब होऊ नये. लेनाकापाविरची अमेरिकेतील किंमत वर्षाला २८ हजार डॉलर आहे. हैदराबादच्या दोन कंपन्या ते २०२७ पासून सुमारे ४० डॉलरमध्ये बनवतील, असे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. भारतात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत, आणि राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. आपल्या कारखान्यांतले औषध आधी आपल्या बंदरांवर, ट्रक थांबण्याच्या जागांवर आणि ड्रायव्हरांच्या घरी बसलेल्या बायकांपर्यंत सरकारने मोफत पोचवावे. ते परवडेल काय, असे विचारणाऱ्यांनी जन्मभराच्या उपचाराशी त्याची तुलना करून पाहावी.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. १ डिसेंबरला फळ्यावर कवटी काढू नका. २८, २७ आणि १ हे आकडे लिहा आणि मुलांना भागाकार करू द्या. २०१७ च्या कायद्याने एच.आय.व्ही. असलेल्या कोणालाही शाळा, नोकरी किंवा उपचार नाकारता येत नाही, हेही सांगा. १०९७ हा मोफत मदतक्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात एखाद्या मुलाच्या घराविषयी अशी कुजबुज सुरू झाली, तर त्याच्या बाटलीतले पाणी सर्वांसमोर प्या. त्याने काहीही होत नाही. हे मला दहावीत कोणी सांगितले नव्हते. तुम्हांला मी सांगितले आहे.