पंखा फिरला म्हणून?

चंडीगडच्या सेक्टर 20 मधला कॉम्प्युटर बाजार असो की पुण्या-नाशिकमधलं एखादं दुकान, बंद पडलेला डेस्कटॉप नेला की निदानाची रीत बहुधा एकच. कारागीर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बाहेर काढतो, 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळीला चिमट्याने किंवा सरळ केलेल्या यू-पिनेने जोडतो. पंखा फिरला की एसएमपीएस ‘ओके’, दोष मदरबोर्डचा. नाही फिरला की ‘उडाला’, नवा घ्या. दोन मिनिटांत निकाल, आणि मीटरवरचा एक आकडाही न पाहता.

या रीतीचे समर्थक म्हणतात की ती फुकट आहे, झटपट आहे आणि ग्राहकाला डोळ्यांनी दिसते. हे तिन्ही खरं आहे. पण हिरव्या तारेचं काम ‘चालू हो’ असा निरोप देण्यापुरतंच असतं. निरोप पोचला आणि पंख्यापुरती वीज आली, एवढंच या प्रयोगातून कळतं. हृदयाची ट्रेडमिल चाचणी रोग्याला खुर्चीत बसवून घेतल्यासारखंच हे झालं. पंखा न फिरणं हाही पक्का पुरावा नाही, कारण काही नव्या एसएमपीएसमध्ये भार कमी असताना तो मुद्दामच थांबवलेला असतो.

खरी चाचणी अवघड नाही. एसएमपीएस कॅबिनेटमध्येच, जोडलेला राहू द्यावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी प्रोब काळ्या तारेला लावावी आणि लाल प्रोब कनेक्टरच्या पाठीमागून एकेका तारेला. जांभळीवर मशीन बंद असतानाही 5 व्होल्ट हवेत. तेच नसतील तर समोरचं बटण दाबून काही होणार नाही. चालू केल्यावर पिवळीवर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25, नारिंगीवर 3.14 ते 3.47. मग मशीनला जड काम द्यावं, एखादा गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग, आणि पिवळीकडे बघत राहावं. रिकाम्यात 12.1 दाखवणारी तार भाराखाली 11.2 वर आली, तर निकाल तिथेच लागला.

करड्या तारेकडे मात्र फार कमी लोक बघतात. बाकीचे व्होल्टेज स्थिरावले की अर्ध्या सेकंदाच्या आत या तारेवर 5 व्होल्टच्या आसपास यायला हवेत. ते येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला सुरूच करत नाही. पंखे सगळे फिरतात, पडदा मात्र काळा! अशा वेळी बिचाऱ्या मदरबोर्डवर आळ येतो. (हल्ली सगळ्याच तारा काळ्या येतात. मग पिनेचा क्रमांक बघावा : हिरवी 16, करडी 8, जांभळी 9.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘नवा लावून बघितला, मशीन चाललं, याहून मोठी चाचणी कोणती?’ खात्रीचा एसएमपीएस लावून पाहणं ही चांगलीच पद्धत आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही, कारण दोष कधीकधी घरच्या इन्व्हर्टरचा असतो. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज कर्मचाऱ्यांच्या संपात चंडीगडचे बरेच भाग दीड दिवसाहून जास्त अंधारात होते आणि लष्कराच्या अभियंत्यांना बोलवावं लागलं होतं. नीट आखलेल्या या शहरातही घरोघरी इन्व्हर्टर का दिसतो, ते यावरून कळावं. बऱ्याच इन्व्हर्टरवर दोन मोड असतात, साधा आणि ‘यूपीएस’. साध्या मोडवर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला 30-40 मिलिसेकंदही लागू शकतात. पूर्ण भाराखालचा एसएमपीएस मात्र जेमतेम 16-17 मिलिसेकंद तग धरतो. मशीन रीस्टार्ट होतं आणि दोष एसएमपीएसच्या माथी. नवा लावला की ताज्या कपॅसिटरमुळे तक्रार थांबतेही, पण उन्हाळ्याच्या उष्णतेत कपॅसिटर सुकत जातो आणि दुखणं परत येतं. इन्व्हर्टरचा स्विच ‘यूपीएस’कडे सरकवणं, हा यावरचा खरा उपाय. तो फुकटात होतो, म्हणूनच कदाचित कोणी सुचवत नाही.

मल्टिमीटरची मर्यादाही मान्य करायला हवी. 12 व्होल्टवर स्वार झालेली तरंगांची खरखर 120 मिलिव्होल्टच्या आत हवी. ती ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. भार देऊनही आकडे चोख आणि तरी मशीन अडखळतंय, तर एसएमपीएस बदलून पाहायची वेळ आली असं समजावं. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब टिकून राहू शकतो.

वैज्ञानिक उपकरणांची केंद्रीय संस्था, सीएसआयओ, 1962 पासून चंडीगडमध्ये आहे. मोजमापाची साधनं घडवणाऱ्यांच्या गावात अंदाजाने निदान चालावं, हे मला तरी पटत नाही. साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तेव्हा पुढच्या वेळी ‘एसएमपीएस गेला’ असं ऐकलंत, तर पिवळ्या तारेचा भाराखालचा आकडा बिलावर लिहून मागा. तो मिळेपर्यंत पैसे काढू नका.